आठशे ग्रॅम आत, सात किलो बाहेर

मोठ्या दवाखान्याच्या तळघरातल्या स्टोअरकीपरला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, तिचा धाकटा भाऊ ‘दाजी’ म्हणायचा, आणि दवाखान्यात गेटावरच्या पहारेकऱ्यापासून रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे ‘तराजूभाऊ’ म्हणत. पगाराच्या कागदावर सही करताना त्यांना स्वतःचं नाव क्षणभर आठवावं लागतं, असं पहारेकरी सांगायचा. पहारेकऱ्याचं सगळंच खरं धरायचं नसतं. निम्मं धरलं तरी पुरे.

नाव उगाच पडलं नव्हतं. तळघरात येणारी प्रत्येक वस्तू तराजूभाऊ तोलून घेत. कापूस तोलत, साबण तोलत. ‘शंभर नग’ असं लिहिलेला हातमोज्यांचा खोका आला तर शंभर मोजत आणि वर तोलतही, कारण मोजणाऱ्याला डुलकी लागू शकते, काट्याला लागत नाही. त्यांच्या रजिस्टरला दोन पानं. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. डाव्या पानावर चार रकाने: काय आलं, किती आलं, कोणाकडून आलं, कोणाच्या सहीने आलं. उजव्या पानावर तेच चार, फक्त ‘आलं’च्या जागी ‘गेलं’ आणि ‘कोणाकडून’च्या जागी ‘कोणाला’. या आठ रकान्यांत न बसणारी वस्तू जगात असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण बाकीचे लोक तोंडी लावायला वापरतात. तराजूभाऊंनी तिच्यावर नोकरी केली होती. चोवीस वर्षं. एका ओळीत खाडाखोड नाही.

अशा माणसाच्या गळ्यात ते यंत्र पडलं.

रक्तपेढीमागच्या अंगणात पूर्वी डिझेलचा जनरेटर होता. वीज गेली की तो धडधडायचा, काळा धूर सोडायचा आणि खोकल्याच्या वॉर्डातले पेशंट खिडक्या लावून जास्त खोकायचे. तो मोडीत गेला. त्याच्या जागी कपाटाएवढी एक पांढरी पेटी आली आणि पेटीशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडर. सिलिंडरमध्ये हायड्रोजन. वीज गेली की पेटी आपोआप सुरू होणार, सिलिंडरमधला वायू खाणार आणि रक्तपेढीच्या फ्रीजना वीज देणार. जाळ नाही, धूर नाही, धडधड नाही. पेटी सुरू होऊन स्थिरावेपर्यंत वीस मिनिटं पुरेल एवढी बॅटरी मध्ये होती. आणि मागच्या बाजूने एका नळीतून पाणी. तेवढंच. फ्युएल सेल म्हणतात त्याला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यातला अभिमान पाहून कोणी पुढे काही विचारलं नाही.

यंत्र तीस दिवस चालवून बघायचं, रोज चार वाजता एक तास. मग स्टोअरकीपरने ‘वस्तू ठीक, ताब्यात घेतली’ अशी सही करायची. सही झाली तर यंत्र राहणार, नाही तर कंपनी ते उचलून नेणार.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं एवढंच, की कंपनीने यंत्राबरोबर पाठवलेला मेकॅनिक म्हणजे तराजूभाऊंचा मेहुणा.

मेहुण्याने आजवर पाच नोकऱ्या धरल्या होत्या आणि पाचही सुटल्या होत्या. त्यांतल्या दोन त्याने सोडल्या होत्या, असं तो म्हणायचा. ही सहावी. अजून कच्ची होती. त्याने बसवलेलं पहिलं यंत्र ताब्यात घेतलं गेलं, की पक्की. हे त्याने बहिणीला सांगितलं आणि बहिणीने त्याच संध्याकाळी नवऱ्यापुढे चहा ठेवता ठेवता सांगितलं. तुमची एक सही, माझ्या भावाचा जन्म मार्गी. तराजूभाऊ म्हणाले, सही काय नात्यात वाटायची वस्तू आहे? ती म्हणाली, वाटू नका, पण अडवूनही धरू नका. यावर त्यांनी चहा घेतला. उत्तर नसलं की ते चहा घेत, आणि त्या महिन्यात त्यांचा चहा बराच वाढला.

त्यांची अडचण बायकोला वाटत होती त्याहून अवघड होती. नुसती सही ठोकली, तर सगळ्या जगाला काट्यावर चढवणारा माणूस मेहुण्यापुढे डोळे मिटून बसला, असं दवाखाना म्हणणार. चोवीस वर्षं पाण्यात. आणि नुसती अडवली, तर घरात तोंड कुठे दाखवायचं? एकच वाट होती: यंत्र सरळ तोलून घ्यायचं. आत काय गेलं, बाहेर काय आलं. हिशेब जुळला की सही, आणि मग कोणाच्या बापाची भीती नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी सिलिंडर बसवण्याआधी तोलला. एकसष्ट किलो तीनशे ग्रॅम. नळीखाली कॅन लावला, कारण यंत्रातून बाहेर पडतं ते पाणी असलं तरी जावकच. चौथ्या दिवशी सिलिंडर रिकामा झाला. काढून तोलला. साठ किलो पाचशे. म्हणजे आठशे ग्रॅम वायू गेला. मग कॅन तोलला आणि कॅनचं स्वतःचं वजन वजा केलं.

सात किलो दहा ग्रॅम.

तराजूभाऊंनी चष्मा पुसला. पुन्हा तोललं. सात किलो दहा. काट्यावर संशय घेणं त्यांना बायकोवर संशय घेण्याइतकं जड गेलं, पण घेतला. कपाटातली प्रमाणित वजनं काढून काटा तपासला. बरोबर. स्वतः काट्यावर उभे राहिले. काटा बरोबरच होता. दोन किलो वाढले होते ते त्यांचे स्वतःचे, आणि ती नोंद या रजिस्टरात येत नव्हती.

आठशे ग्रॅम आत, सात किलो बाहेर. आडात पेलाभर आणि पोहरा काठोकाठ.

त्यांना पहिली शंका नळाची आली. कुठूनतरी दवाखान्याचं पाणी यंत्रात शिरत असणार. हातात टॉर्च घेऊन त्यांनी अंगणातल्या भिंती तपासल्या, गुडघे टेकून पेटीखाली पाहिलं. पाण्याचा पाइप तिथून बावीस पावलांवर होता. पहारेकरी खुर्ची ओढून तमाशा पाहत बसला होता. काय हरवलं म्हणाला. तराजूभाऊंनी हरवलं काही नाही, सापडलंय, असं सांगून सगळी हकीकत सांगितली.

पहारेकरी विचारात पडला. मग म्हणाला, “आमच्या जुन्या साहेबांना अर्धा कप चहा पाजला, की दोन तास भाषण यायचं. त्याचाही हिशेब कधी लागला नाही.”

मेहुण्याला विचारलं तेव्हा तो अगदी सहज म्हणाला, की दाजी, उरलेलं हवेतून येतं. एक भाग हायड्रोजन, आठ भाग ऑक्सिजन, त्यांचं पाणी होतं. आठच का, असं विचारल्यावर त्याने मान खाजवली. ट्रेनिंगमध्ये तसं सांगितलं होतं. का ते सांगितलं असेल तर तेव्हा तो बाहेर गेला असावा.

पण तराजूभाऊंचं लक्ष आठावर नव्हतंच. ते ऑक्सिजनवर होतं.

या दवाखान्यात ऑक्सिजन कोणाच्या ताब्यात? त्यांच्या. कोणत्या वॉर्डला किती सिलिंडर गेले, कोणत्या सिस्टरच्या सहीने गेले, सगळं उजव्या पानावर. आणि इथे एक पेटी चार दिवसांत सहा किलोंवर ऑक्सिजन पिऊन बसली आणि मागणीची चिठ्ठी एक नाही. ते तडक तळघरात गेले. ऑक्सिजनचे सिलिंडर मोजले. शेहेचाळीस. रजिस्टरात शेहेचाळीस. उलट्या टोकाकडून मोजले. शेहेचाळीस. एखादा कमी भरला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. निदान काय झालं ते कळलं असतं. माल गेला नाही आणि तरी पोचला, अशी चोरी त्यांनी पाहिली नव्हती.

ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंना घाई होती. त्या म्हणाल्या, “तराजूभाऊ, तुम्ही दिवसभर श्वास घेता, त्याची चिठ्ठी फाडता का?”

तराजूभाऊंनी यावर दाराशी उभं राहून नीट विचार केला, आणि म्हणाले, “मी स्टोअरची वस्तू नाही, मॅडम. ते यंत्र आहे.”

दुसरा सिलिंडर आठव्या दिवशी संपला. आठशे ग्रॅम आत, सहा किलो नऊशे नव्वद बाहेर. तिसरा बाराव्या दिवशी. आठशे आत, सात किलो बाहेर, नेमके. या नेमकेपणाने त्यांची झोप उडवली. चोर एक दिवस जास्त नेतो, एक दिवस कमी नेतो, एखाद्या दिवशी आजारी पडतो. जो दर खेपेला तेवढंच आणि वेळेवर आणून टाकतो, तो चोर नव्हे, कर्मचारी. पण कोणत्या खात्याचा?

पाण्याचे कॅन एव्हाना तळघरात रांगेने उभे राहू लागले होते. प्रत्येकावर तारीख, वजन आणि ‘उगम: चौकशी चालू’ असं लेबल. पाणी ओतून का देत नाही, असं सगळ्यांनी विचारून झालं. ओतायचा आदेश कोणाचा, असं त्यांनीही विचारून झालं.

घरी जेवताना हाच विषय. मेहुणा आता रोज जेवायलाच येऊ लागला होता. बहिणीने बोलावलं म्हणून की दाजींचा चेहरा वाचायला, ते ज्याचं त्याला माहीत. बायकोने पाच दिवस ऐकून घेतलं आणि सहाव्या दिवशी पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, “किलोभर पिठात पाणी घातलं की गोळा जड होतो. तेव्हा कधी चौकशी लावली नाही तुम्ही.”

“पाणी तू मोजून घालतेस.”

“मी नजरेच्या अंदाजाने घालते.”

सव्वीस वर्षं आपण अंदाजाने घातलेलं खात होतो, हे तराजूभाऊंना त्या दिवशी कळलं. मेहुणा ताटात बघून हसत होता. पण जाताना दारात चपला घालता घालता तो हळूच म्हणाला, की दाजी, तुम्हाला पटलं नाही तर सही करू नका, मी दुसरं बघीन. हे ऐकून तराजूभाऊंची पंचाईत वाढली. अडून बसलेला मेहुणा परवडतो. समजूतदार मेहुण्याचं काय करायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं.

तेराव्या दिवशी चारच्या चाचणीला त्यांच्या हातातली एक चिठ्ठी सुटली. खाली पडायच्या ऐवजी ती तिरकी उडाली आणि पेटीच्या भिंतीकडच्या बाजूला जाऊन चिकटली. तराजूभाऊ वाकले. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा. तिथे वीतभर रुंद जाळी होती, आणि जाळी चिठ्ठीला धरून बसली होती. त्यांनी चिठ्ठी सोडवली, पुन्हा धरली. पुन्हा ओढली गेली. आत काहीतरी जात होतं. झडप नाही, काटा नाही, कुलूप नाही. उघडं भोक, आणि चोवीस तास.

सहा वर्षांपूर्वी तळघरातलं बँडेज कमी भरायचं तेव्हा त्यांनी एक रीत काढली होती. ज्या फटीची रजिस्टरात नोंद नाही, ती फट बंद करायची: कापड, सुतळी, वर लाखेचं सील, सीलवर तारीख. मग माल कमी होतो का बघायचं. अशा सात फटी बंद केल्यावर आठवीतून उंदीर सापडला होता. तेव्हापासून ही रीत त्यांच्यासाठी शास्त्र झाली होती.

चाचणी संपली, मेहुणा गेला, आणि तराजूभाऊंनी जाळीवर आधी प्लास्टिक, त्यावर जाड कापड बसवलं, सुतळी आवळली आणि चार कोपऱ्यांवर लाख ओतून शिक्का मारला. उद्या चार वाजता बघू. तरीही पाणी आलं, तर हवेची गोष्ट खोटी. नाही आलं, तर मेहुणा खरा आणि आपण सही करायला मोकळे. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून केलेली तपासणी ती तपासणी नव्हे. त्या संध्याकाळी घरी जाताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं डोकं हलकं होतं. इतका सगळा विचार करणाऱ्या माणसाला एकच विचार सुचला नाही, की वीज काही चार वाजेपर्यंत थांबायला बांधलेली नाही.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहा बावन्नला गेली.

तराजूभाऊ तळघरात साबण तोलत होते. दिवे गेले. वर रक्तपेढीचा भोंगा वाजू लागला. तो तसा दोन मिनिटं वाजतो आणि यंत्राने भार उचलला की थांबतो. थांबला नाही. हातातला साबण तसाच घेऊन ते जिना चढले.

अंगणात, सकाळच्या तपासणीला आलेला मेहुणा पेटीचं दार उघडून गुडघ्यांवर बसला होता. यंत्र सुरू होत होतं, दोन क्षण गुणगुणत होतं आणि घुसमटल्यासारखं बंद पडत होतं. तिसऱ्यांदा तसंच झालं. सिलिंडर भरलेला, झडपा उघड्या, तारा जागेवर. पेटीवरच्या पडद्यावर ‘हवेचा पुरवठा नाही’ अशी ओळ लुकलुकत होती, आणि मेहुणा ती पुन्हा पुन्हा वाचत होता. हवा नाही म्हणजे काय? तो उघड्या अंगणात बसला होता, अंगावरून वारा जात होता, गेटाजवळचं झाड हलत होतं. पहारेकऱ्यानेही आभाळाकडे बघून घेतलं, खरंच संपली की काय.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. फ्रीजमध्ये दोनशे अकरा पिशव्या, त्यांतल्या सहा सव्वाअकराला ऑपरेशन-थिएटरला जायच्या. मागच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माची गोष्ट तर काढायलाच नको. बॅटरीची वीस मिनिटं चालू होती, त्यांतली अकरा गेली होती.

मेहुण्याने कपाळ पुसलं. बाईंकडे न बघता तो म्हणाला, “यंत्रातच दोष दिसतोय, मॅडम. परत न्यावं लागेल.”

हे वाक्य म्हणजे त्याची नोकरी होती आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तराजूभाऊ साबण हातात धरून उभे होते. सील भिंतीच्या बाजूला होतं, कोणाला दिसत नव्हतं. दुपारी यंत्र उचलायच्या आधी गुपचूप काढून टाकलं असतं, तर या दवाखान्यात कोणाला कळलं नसतं. सहीचा प्रश्न सुटला असता, मेहुण्याला डावं-उजवं केल्याचा बोभाटा झाला नसता, चोवीस वर्षं कोरीच्या कोरी राहिली असती. हे सगळं त्यांच्या मनात आलं. आलं नाही असं म्हणता येणार नाही. पण त्याच वेळी त्यांना पडद्यावरची ओळ दिसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत होतं. हवेचा पुरवठा. म्हणजे पुरवठा होता. तो त्यांनीच तोडला होता.

“सील आहे,” ते म्हणाले. “मागे. मी लावलं.”

कोणाला कळेना. ते पेटीमागे घुसले, आणि सुतळीला हात घालणार एवढ्यात चोवीस वर्षांच्या सवयीने हात थांबला. सील दोन साक्षीदारांशिवाय तोडायचं नाही, हा नियम त्यांचाच.

“साक्षीदार लागतील दोन,” आतून आवाज आला.

“तराजूभाऊ, आठ मिनिटं राहिली आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं.

“सही नंतर करा. आत्ता फक्त बघा.”

“मी बघतोय,” पहारेकरी म्हणाला आणि खुर्चीवर उभा राहिला. “मॅडमपण बघतायत. तोडा.”

लाख फुटली. सुतळी, कापड, प्लास्टिक, सगळं एका ओढीत आलं. मेहुण्याने बटण दाबलं. पेटी गुणगुणली, आणि या वेळी गुणगुणतच राहिली. चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा तराजूभाऊंच्या खिशातून अर्धा वर आला होता. वरची चिठ्ठी सुटली आणि जाऊन जाळीला चिकटली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली, झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला करावं तशी. भोंगा थांबला. अकराला पाच कमी असताना बंद पडलेलं यंत्र अकरा वाजून पाच मिनिटांनी चालू होतं आणि सहा पिशव्या थिएटरकडे निघाल्या होत्या.

दुपारी मेहुणा तळघरात आला. चाचणीच्या तक्त्यात एक रकाना होता: यंत्र बंद पडलं का, कारण काय. तो म्हणाला, की दाजी, तुम्ही काही लिहू नका. बॅटरीची जोडणी सैल होती असं मी टाकतो, कंपनी विचारत नाही, माझं काय व्हायचं ते होईल. तुमचं नाव नको त्यात.

तराजूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. पाच नोकऱ्या का सुटल्या असाव्यात, याचा त्यांना थोडा अंदाज आला, आणि बायको या भावासाठी का भांडते याचाही.

“माझी फट तुझ्या यंत्राच्या नावावर चढवू?” ते म्हणाले. “सरक बाजूला.”

त्यांनी लिहिलं: ‘वीज गेली १०.५२. यंत्र सुरू झाले व बंद पडले. कारण, स्टोअरकीपरने हवेच्या जाळीला सील लावले होते. यंत्राचा दोष नाही.’ खाली सही. डॉक्टरीणबाईंनी आणि पहारेकऱ्याने साक्षीदार म्हणून. आठवड्याने वरून एक मेमो आला, चार ओळींचा, कडक. तराजूभाऊंनी तो तोलला नाही, पण आवक पानावर चढवला.

आता कोणालाही वाटेल की त्यांना कळलं. त्यांना एवढंच कळलं होतं की हवा आत जाते. तिचं सहा किलो वजन कसं भरतं, हे कळलं नव्हतं. हवा आहे म्हणजे रिकामं आहे, असं ते आजवर धरून चालले होते. रिकामा डबा, रिकामी गोणी, रिकामा सिलिंडर. जे काही नाही, त्यातून काहीतरी निघतं, आणि तेही पोतंभर? मेहुण्याने पुन्हा एक भाग-आठ भाग सांगून पाहिलं. बायकोने पिठाचा गोळा दाखवला. दोघांचं ऐकून ते मान हलवत आणि पुन्हा तिथेच येऊन उभे राहत.

एकोणतिसाव्या दिवशी ऑक्सिजनची गाडी आली. रिकामे सिलिंडर परत द्यायचे, भरलेले घ्यायचे. सवयीप्रमाणे तराजूभाऊंनी एकेक काट्यावर चढवला. भरलेला त्रेसष्ट किलो. रिकामा चौपन्न. लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं.

मग त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. मागचं वर्ष, त्याच्या मागचं, पार पहिलं, ज्यावर त्यांचं अक्षर अजून गोल होतं. प्रत्येक पानावर तेच. भरलेला त्रेसष्ट, रिकामा चौपन्न. भरलेला बासष्ट साडेआठशे, रिकामा त्रेपन्न नऊशे. चोवीस वर्षं ते स्वतःच्या हाताने लिहीत आले होते की ऑक्सिजन नऊ किलो असतो. कोणी लपवलं नव्हतं. त्यांच्याच शाईत होतं.

गाडीवाल्याने दोनदा हाक मारली.

तिसाव्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला. सात सिलिंडर रिकामे झाले होते. हायड्रोजन, पाच किलो सहाशे; कोणाकडून, कंपनीकडून. ऑक्सिजन, चव्वेचाळीस किलो आठशे. कोणाकडून, इथे ते थांबले, मग लिहिलं ‘हवा’. कोणाच्या सहीने, हा रकाना कोरा ठेवायचा नाही असा नियम होता. त्यांनी रजिस्टर उचललं, जिना चढले आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. बाईंनी वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सही केली. जावक: पाणी एकोणपन्नास किलो. नळीतून उडून गेलेली वाफ, एक किलो चारशे, अंदाजे. ‘अंदाजे’ हा शब्द त्या रजिस्टरात पहिल्यांदाच आला होता, आणि लिहिताना पेन जरा अडखळलं होतं, ते शाईवरून दिसतं.

मग यंत्राच्या कागदावर: ‘वस्तू ठीक, ताब्यात घेतली.’ सही करताना नाव आठवावं लागलं नाही. पाण्याचे कॅन ओतायचा आदेशही त्यांनी बाईंकडून लेखी घेतला, आणि पहारेकऱ्याने ते गेटाजवळच्या झाडाला एकेक करून घातले.

चार दिवसांनी मेहुणा पक्क्या नोकरीचं पत्र घेऊन धावत तळघरात उतरला. बहिणीला सांगायच्या आधी दाजींना दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. तराजूभाऊ मोठ्या काट्यावर उभे होते. पुढ्यात ऑक्सिजनच्या जावकीचं पान उघडं होतं, वॉर्ड क्रमांक तीन, नऊ किलो, कोणाला, पेशंटला. डोळे काट्याच्या आकड्यावर रोखलेले, गाल फुगलेले, छाती वर आलेली.

“दाजी, काय करताय?”

तराजूभाऊंना उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी एक हात वर करून त्याला थांब म्हणून खूण केली, दुसऱ्या हाताने पत्र घेतलं, आणि पत्राचं वजन काट्यावर पडू नये म्हणून तसंच त्याला परत दिलं.